नारोशंकराची घंटा : फिरंगाणांतील घंटा व त्यांवरील स्मरणाचा विचार

पूर्वजाचें नांव गांवांत राहावें म्हणून आपल्याकडे घाट, विहीर, दीपमाळ, पार, घंटा इत्यादि साधनें पिढ्यान्‌पिढ्या योजिलीं गेलीं आहेत. त्यांत घंटेचा विशेष असा कीं, ती अक्षरानें व नादानें अशा दोन्ही मार्गांनीं स्मरण करविते. वऱ्हाडांत चिखली, मेहकर, सिंदखेड या बाजूच्या देवळांतून हिंडणारास ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ अशीं अक्षरें कोरलेल्या लहानमोठ्या घंटा जागोजाग आढळतात. त्यांत एखादी घंटा घाटानें निराळी व रोमन अक्षरांची निघाली, म्हणजे ‘ही वसईची’ असें सांगून मोकळें होण्याचा प्रघात सर्व महाराष्ट्रभर आहे. हा प्रघात कितपत साधार आहे, चर्चच्या मनोऱ्यांतून देवळाच्या दारीं आलेल्या घंटेनें कोणाचें स्मरण राखिलें व कोणाचें पुसलें, आणि अशी घंटा हातीं लागली असतां संग्राहकानें ती कशी वाचावी, एवढें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

(१) घंटा इकडे कशा आल्या

इ. स. १७३७ त मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोविला. इ. स. १७३९ च्या आरंभीं माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर हीं ठाणीं पडलीं. आणि चिमाजी आप्पांनीं घातलेल्या वेढ्याच्या अखेरीस ता. १६ मे १७३९ रोजीं वसईच्या फिरंग्यांनीं तहनाम्यावर सह्या केल्या. पुढील सालीं, म्हणजे १७४० त, चौल व कोर्लईही त्यांच्या हातून गेलीं. दमण व दीव हीं वगळतां पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ येणेंप्रमाणें संपला. वसईचा कोट सोडून जाणारांस आपलीं कुटुंबें व चीजवस्त घेऊन जाण्याची मोकळीक होती. परंतु मनोऱ्यांत टांगलेल्या जड घंटा उतरवून नेणें हें थोड्या दिवसांचें काम नव्हे, त्या बहुतेक मागें राहिल्या असाव्या.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही. लोकांच्या तोंडीं ‘वसईची घंटा’ हा शब्द साऱ्या मोहिमेचा वाचक झालेला आहे. साष्टींतील गांवोगांवचीं चर्चें १७३७ तच मराठ्यांच्या अमलाखालीं आलीं; चौल १७४० त आलें. म्हणजे फिरंगी घंटा खरी ठरली तरी ती वसईच्या कोटांतलीच असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

दुसरी गोष्ट धातूची. चर्चची घंटा ही मुख्यत्वें कांशाची असते; तिच्यांत सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील असतें. ‘पंचधातूची घंटा’ हा आपल्याकडील आदराचा शब्दप्रयोग आहे, पृथक्करणाचा निष्कर्ष नव्हे. तांबें व कथील यांच्याच मिश्रणाच्या तोफा ओतीत असल्यामुळें युरोपांत युद्धप्रसंगीं घंटा वितळविण्याची चाल होती. नार्वाच्या पराभवानंतर, इ. स. १७०० च्या सुमारास, रशियाच्या पीटर बादशहानें चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा ओतविल्याचें प्रसिद्धच आहे. मराठ्यांसही तोफांची गरज कमी नव्हती. असें असतां ज्या घंटा न वितळवितां घाट चढून देवळांत टांगल्या गेल्या, त्या हेतुपुरस्सर राखिल्या गेल्या हें उघड आहे. विजयाचें स्मरण देवाच्या दारीं नित्य वाजत राहावें हा तो हेतु होय.

(२) घंटेचा मूळ स्मरणधर्म

रोमन धर्मसंप्रदायांत नवी घंटा मनोऱ्यांत चढविण्यापूर्वीं बिशप तिला मंत्रपूत जलानें धुतो, पवित्र तेलाचें लेपन करितो, धूप दाखवितो व एखाद्या संताचें नांव देतो. या विधीस लोकांत घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात. आपल्याकडील प्रतिष्ठाविधीशीं याचें साम्य वाचकांच्या सहज लक्षांत येईल. अशी नामकरण झालेली घंटा प्रार्थनेच्या वेळा सांगे, गांवांत कोणी मृत्यु पावला तर संथ ठोक्यांनीं तें वर्तमान शिवारभर पोंचवी, आणि ता. २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशीं गांवच्या सर्व गतपूर्वजांकरितां वाजे. घंटा ओतण्यास ज्यानें द्रव्य दिलें त्याचें नांव कित्येकदां अंगावरच उठविलेलें असे. हेतु हा कीं, पुढील पिढ्यांनीं त्याच्याकरितांही प्रार्थना करावी.

इंग्लंडांत याच कल्पनेनें निराळें रूप घेतलें. तेथें मनोऱ्यांतील घंटा पूर्ण चक्राकार फिरवून, प्रत्येक फेरींत त्यांचा क्रम बदलीत वाजवितात. सात घंटांचे एकंदर क्रम किती, याचें उत्तर लीलावतींतील अंकपाशाच्या रीतीनें काढिल्यास ५०४० येतें. तेवढे क्रम एकही पुन्हां न येतां वाजविण्यास सुमारें तीन तास लागतात. गांवचा एखादा पूर्वज, युद्धांत पडलेला तरुण, जुना घंटावादक यांच्या स्मरणार्थ असें वादन करावें व त्याची नोंद फळ्यावर लिहून ती मनोऱ्यांत लावावी, अशी तेथें रीत आहे. पुण्यास गुरुवार पेठेंतील पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्यांत लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यांत ओतलेल्या आठ घंटांचा संच आहे. या इंग्रजी पद्धतीचा नमुना महाराष्ट्रांत पाहावयाचा तर तो तेथें.

मात्र देवळांत आलेल्या फिरंगी घंटांची वाजविण्याची रीत पालटली. चर्चमध्यें घंटा स्वतः झुलते व लोळा तिच्यावर आदळतो. देवळांत घंटा स्थिर असते व लोळा हातानें अगर दोरीनें हालवितात. पूर्वीं एक नेमलेला मनुष्य साऱ्या गांवाकरितां ती वाजवी. आतां येणारा प्रत्येक भाविक आपल्या आगमनाची वर्दी देवास तिनें देऊं लागला. स्मरणाचें साधन तेंच राहिलें. स्मरण कोणाचें, तें बदललें.

(३) नाशिकची घंटा

या पालटाचें सर्वांत बोलकें उदाहरण नाशिकास पंचवटींत आहे. नारो शंकर दाणी, राजेबहादर, हे पेशवाईंतील नामांकित सरदार. इ. स. १७४२ पासून १७५६ पर्यंत झांशीचा कारभार त्यांजकडे होता. मालेगांवचा भुईकोट त्यांनींच बांधिला. १७६० त भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतल्यावर तेथील किल्ल्याचा बंदोबस्त त्यांजवर सोंपविला होता. १७७५ त ते निवर्तले. गोदावरीच्या कांठीं रामेश्वराचें जें देवालय त्यांनीं इ. स. १७४७ त बांधिलें, त्यास अठरा लक्ष रुपये लागले असें सांगतात. या देवालयाच्या नदीकडील तटावरील घंटाघरांत एक मोठी फिरंगी घंटा आहे. तिच्यावर पोर्तुगीज अक्षरें असून सन १७२१ आहे. तिचा नाद पांच मैलांवर ऐकूं येई अशी आख्यायिका आहे.

या देवालयाचें खरें नांव रामेश्वर. पण नाशिकांत त्यास ‘नारोशंकराचें देऊळ’ व तिला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. आतां पाहावें कीं, ही घंटा नारो शंकरांनीं ओतविली नाहीं. ती विजयांत हातीं आली असें परंपरा सांगते, तर त्या विजयाचे सेनापति चिमाजी आप्पा. मूळ दात्याचें वा देवालयाचें नांव कांहीं असलें तरी तें लोकांच्या कानीं नाहीं. तरी टांगणाराचें नांव तिला चिकटलें व पावणेतीनशें वर्षें टिकलें. झांशीचा सुभा गेला, दिल्लीची किल्लेदारी पानिपतानंतर संपली. परंतु सामान्य नाशिककराच्या बोलण्यांत या पुरुषाचें नांव आजमितीस येतें तें या घंटेमुळें. वंशजांनीं कागदपत्र कितीही जपले असते तरी एवढी ओळख कागदांनीं राहती ना.

(४) मेणवलीची घंटा व एक अडचण

वाईजवळ मेणवली येथें नाना फडणिसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराचें देऊळ आहे. त्याच्याजवळच्या लहानशा घंटाघरांत दुसरी फिरंगी घंटा आहे. तिच्यावर बालयेशूस घेतलेल्या मेरीची उठावाची आकृति असून सन १७०७ आहे. वजन सुमारें ६५० किलो सांगतात. चिमाजी आप्पांनीं वसईहून ती आणविली अशी परंपरा आहे.

मेणवलीचें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस दप्तरामुळें परिचित आहे. त्यांना येथें कालगणनेची अडचण तात्काळ दिसेल. चिमाजी आप्पा ता. १७ डिसेंबर १७४० रोजीं वारले. नाना फडणिसांचा जन्म १७४२ चा. मेणवली गांव त्यांस इनाम मिळालें तें १७६८ त, व वाडा त्यानंतरचा. तेव्हां चिमाजी आप्पांनीं घंटा ‘मेणवलीस दिली’ हें सरळ अर्थानें संभवत नाहीं. घंटा १७३९ च्या सुमारास घाटावर आली असली, तर मेणवलीस टांगली जाईपर्यंत ती निदान एकोणतीस वर्षें अन्यत्र असली पाहिजे. नाशिकच्या घंटेबद्दलही हाच विचार लागू पडतो. चिमाजी आप्पांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं तें देवालय झालें. भीमाशंकर, थेऊर, पाली इत्यादि क्षेत्रांच्या घंटाही चिमाजी आप्पांनीं अर्पण केल्याचें सांगतात. त्या प्रत्येकीची हीच परीक्षा स्वतंत्रपणें झाली पाहिजे.

यावरून परंपरा खोटी असें मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंपरेनें तीन निरनिराळ्या घटना एका पुरुषाच्या नांवावर जमा केल्या आहेत, इतकेंच. कोणत्याही फिरंगी घंटेस तीन सन असतात : पहिला ओतल्याचा, दुसरा हस्तगत झाल्याचा, तिसरा टांगल्याचा. अंगावर कोरलेला असतो तो केवळ पहिला. नाशिकच्या घंटेचे हे सन १७२१, १७३९ व १७४७ असे मांडतां येतात. त्यांपैकीं मधला परंपरेवर उभा आहे व तिसरा देवालयाच्या बांधणीवरून अनुमानिलेला आहे. अशी मांडणी केली म्हणजे कोणतें विधान कशाच्या बळावर आहे तें स्वच्छ दिसतें, आणि जें शोधावयाचें तेंही ठरतें.

(५) कागदांत काय पाहावें

दुसऱ्या व तिसऱ्या सनाचा शोध मोडी कागदांतच लागण्याचा संभव आहे. वसईच्या मोहिमेचीं पत्रें पेशवे दप्तराच्या निवडींतून प्रसिद्ध झालेलीं आहेत व त्यांवर य. न. केळकरांचा ग्रंथही आहे. परंतु पत्रांत लढाई येते, घंटा क्वचित् येते. घंटा आढळावयाची ती जमाखर्चांत. जड वस्तु घाटावर न्यावयाची म्हणजे गाडे, बैल, मजुरी, वाटखर्ची, लोहाराचें व सुताराचें काम, घंटाघराचें लांकूड, टांगण्याच्या दिवशींचा नैवेद्य व ब्राह्मणभोजन, असा खर्च पडल्यावांचून राहत नाहीं. देवस्थानांच्या पुजाऱ्यांकडे, फडणिसी घराण्यांकडे व कमाविसदारांच्या वंशजांकडे असे ताळेबंद अद्यापि बासनांत आहेत. संग्राहकांनीं ते चाळतांना ‘घंटा’ हा शब्द दृष्टीआड करूं नये.

तारखांविषयीं एक सूचना. वसईचा तह शके १६६१ तील. शुहूर सनाप्रमाणें तो तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९, या वर्षाच्या अगदीं अखेरीचा आहे. मृगापासून अर्बैन मया व अलफ सुरू झालें. सबब वसईच्या कोटांतून घंटा हलविल्याचा खर्च शोधणारानें अर्बैनाचे कागद आधीं पाहावे. साष्टीच्या घंटांकरितां मात्र त्यापूर्वींच्या दोन वर्षांचे पाहावे लागतील.

(६) वऱ्हाडांतील घंटांविषयीं

चिखलीकडील वाचकांकरितां एक इशारा देणें अवश्य आहे. १७३९ सालीं वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुअंमल होता. वसईची मोहीम पेशव्यांची व त्यांच्या सरदारांची. त्यामुळें नाशिक, पुणें, वाई या बाजूच्या घंटेस जें अनुमान सहज लागू पडतें, तें चिखलीच्या अगर मेहकरच्या घंटेस तितक्या सहज लागू पडत नाहीं. येथें ‘वसईची’ असें म्हणावयाचें तर कोणत्या सरदाराच्या घराण्यामार्फत ती इकडे आली, याचा दुवा दाखविला पाहिजे.

उलट दुसरा मार्ग जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मलकापूर-शेगांव बाजूनें आगगाडी गेली, १८७० त खामगांवचा फांटा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें सुरू झाला, आणि कापसाच्या व्यापारामागोमाग सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने, मिशनें व शाळा आल्या. या सर्वांस घंटा लागत. त्या काळीं शेफील्डच्या नेलर-व्हिकर्स कंपनीच्या ओतीव पोलादाच्या घंटा दूरदेशीं जात; त्यांवर कारखान्याचें नांव व सन उठावाच्या अक्षरांत असतो. अशी घंटा मोडीत निघून एखाद्या भाविकानें विकत घेतली व आजोबांच्या स्मरणार्थ ग्रामदेवतेस वाहिली, तर तिच्यावर रोमन अक्षरें खालीं व मराठी नांव वर असा देखावा होणारच. चुंबक लावून पाहिल्यास पोलादाची घंटा तत्क्षणीं ओळखतां येते; कांशास चुंबक धरीत नाहीं. अशी घंटा वसईची न ठरल्यास तिचें मोल कमी होतें असें नाहीं. गांवच्या एका घराण्यानें आपला पूर्वज कसा स्मरिला, याचा तो तितकाच खरा लेख आहे.

(७) घंटा कशी वाचावी

फिरंगी घंटेवरील लेख लहान असतात, परंतु त्यांचे सांचे ठरलेले आहेत. ‘आन्नो’ अगर ‘एरा’ या शब्दापुढें बहुधा सन येतो. ‘मांदोउ फाझेर’ याचा अर्थ ‘करविली’. त्याच्या लगत करविणाराचें नांव शोधावें. ‘सेंदो’ म्हणजे ‘असतां’. त्यापुढें त्या वेळच्या अधिकाऱ्याचें वा धर्मगुरूचें नांव येतें. वसईच्या संत जोसेफ चर्चच्या १६०१ च्या शिलालेखांत आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस व तेथील व्हिकार यांचीं नांवें याच शब्दानें ग्रथित आहेत. जर्सन द कुन्ह्या यांनीं १८७६ च्या आपल्या चौल-वसईवरील ग्रंथांत अशा लेखांचा संग्रह केला आहे. ‘यू’ अक्षराच्या जागीं पुष्कळदां ‘व्ही’ असते, हें विसरूं नये. चिन्हांकडेही पाहावें. ‘आय् एच् एस्’ हीं तीन अक्षरें येशूच्या नांवाचा संक्षेप असून जेझुइटांनीं तीं आपली मुद्रा केलीं. एकमेकांस छेदणारे दोन बाहू फ्रान्सिस्कनांचे. बाणानें विंधलेलें हृदय ऑगस्टिनियनांचें. वसईच्या कोटांत या तिन्ही पंथांचे, तसेंच डोमिनिकनांचे, मठ होते. म्हणून एवढ्याशा चिन्हावरूनही घंटेच्या मूळ घराचा माग लागूं शकतो.

ठसा घेण्यापूर्वीं घंटा कोरड्या मऊ कापडानें पुसावी. चिंच, राख, विटेची पूड यांनीं घासूं नये. भांडें लख्ख होतें, पण अक्षरांच्या कडा जातात. तेलरंगाचे थर असल्यास ते खरवडूं नयेत. तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें. परिघ, उंची व ओठाची जाडी मोजावी. वरचे टांगण्याचे कान शाबूत आहेत काय तें लिहावें. लोळ्यास दोरी बांधून तो ओठाशीं ओढून धरण्याची चाल कांहीं ठिकाणीं असते. तिनें घंटेस तडा जातो, व तडा गेलेली घंटा कायमची मुकी होते. एकाच जागीं ठोका बसून धातु झिजला असेल तर जाणत्याकडून घंटा पाव फेरा फिरवून टांगावी, म्हणजे नवी जागा ठोक्याखालीं येते.

(८) दोन्ही नांवें

घंटा शत्रूच्या मंदिरांतून नेणें ही गोष्ट इतिहासांत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. इ. स. ९९७ त आल्मन्सूरनें स्पेनमधील सांतियागोच्या घंटा कोर्दोव्यास नेल्या व तेथें त्यांचे दीप केले. १२३६ त तें शहर घेतल्यावर तिसऱ्या फर्डिनंडानें त्या परत पाठविल्या. फिलिपाइन्समधील बालांगिगा गांवच्या घंटा १९०१ त अमेरिकन सैन्यानें नेल्या होत्या. त्या २०१८ त परत आल्या. आपल्याकडील घंटांनीं मात्र नव्या जागीं पूजास्थान मिळविलें, आणि जवळजवळ तीन शतकें त्या देवापुढें वाजत आहेत. त्यांच्या स्थानाबद्दल वाद घालण्याचें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन नाहीं.

परंतु एक ऋण शिल्लक राहतें. ज्या वसईच्या गांवांतून या घंटा आल्या, तेथील ख्रिस्ती कुटुंबें आजही तेथेंच आहेत व घरांत मराठीच्याच बोली बोलतात. घंटेवर एखाद्या दात्याचें नांव असेल, तर तो त्यांच्या गांवचा पूर्वज आहे; आणि ती घंटा ज्यानें देवास वाहिली, तो दुसऱ्या गांवचा पूर्वज आहे. पहिल्यानें आपल्यामागें प्रार्थना व्हावी म्हणून द्रव्य वेंचिलें. दुसऱ्यानें विजयाची आठवण देवाच्या स्वाधीन केली. नारो शंकरांचें नांव नाशिकांत लोकांनीं राखिलें. पहिल्या दात्याचें नांव राखण्यास मात्र लोकांची जीभ उपयोगी नाहीं. तें तेल, शेंदूर व रंग यांच्या थरांखालीं आहे आणि दरवर्षीं थोडथोडें झिजत आहे. तें वाचून प्रसिद्ध करणें हें संशोधकाचें काम होय.

तरी ज्या ज्या वाचकांच्या गांवीं रोमन अक्षरांची घंटा असेल, त्यांनीं तिचा ठसा, मापें व गांवची आख्यायिका हीं तीन निरनिराळ्या कागदांवर उतरून ठेवावीं. आख्यायिकेच्या आधारें लेख वाचूं नये, व लेखाच्या आधारें आख्यायिका टाकूं नये.